रुतलेली गाडी आणि कप्पीची युक्ति

दोन-चार दिवस पावसाची झड लागली, कीं दख्खनच्या काळ्या मातीच्या मुलखांत पाणंदीची वाट कोणती आणि शेत कोणतें हें ओळखणें कठीण होतें. ज्या वाटेनें बैलगाडी देखील जपून न्यावी लागते, त्याच वाटेनें हल्लीं जीपगाड्या जातात. त्यांत कधीं डॉक्टर असतो, कधीं विजेच्या तारा दुरुस्त करणारा असतो, तर कधीं एखादी अडलेली बाळंतीण असते आणि दवाखाना सात कोसांवर असतो. अशा वेळीं गाडी रुतली, तर ती नुसती गैरसोय राहत नाहीं.

मग काय होतें, हें आपण पाहिलेलें असेल. चालक यंत्राचा जोर वाढवितो, चाकें जागच्या जागीं गरगर फिरतात, आणि दोन मिनिटांत गाडी पोटावर बसते. तास-दीडतासानें कोणाचा तरी ट्रॅक्टर येतो, साखळी बांधतात आणि हिसका देतात. बहुधा गाडी निघते. कधीं गाडीचा पुढचा दांडा तेवढा निघून येतो. आणि कधीं साखळी तुटून शेजारीं उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर येते. हा तिसरा प्रकार विरळा असला तरी प्राणघातक आहे.

वास्तविक एकट्या-दुकट्या माणसानें, ट्रॅक्टरची वाट न पाहतां आणि हिसका न देतां, दोन टनांची गाडी चिखलांतून काढणें शक्य आहे. त्यासाठीं लागणारें सामान गाडीच्या मागच्या कोपऱ्यांत मावतें : हातानें चालवावयाची एक विंच, पोलादी तारेचा दोर, एक-दोन कप्प्या, झाडाला गुंडाळावयाचा रुंद पट्टा, दोन-तीन मजबूत कड्या आणि एक फावडें. या सामानाचा उपयोग कसा करावा, आणि तो करतांना कोठें जपावें, हें आज सांगावयाचें आहे.

प्रथम गाडी अडते कशानें, तें पाहूं. आपली काळी माती ही बसाल्टाच्या खडकापासून झालेली. तींत मॉंटमोरिलोनाइट नांवाच्या चिकणमातीचा भरणा मोठा असतो, व ही चिकणमाती पाणी शोषून फुगते. म्हणूनच उन्हाळ्यांत जिला हातभर खोल भेगा पडतात, तीच जमीन पावसाळ्यांत लोण्यासारखी होते. चाकाच्या रबरी खांचांत ती एकदां भरली, कीं चाक गुळगुळीत रुळासारखें होतें आणि त्याची पकड जाते. कोंकणांतील जांभ्याची तांबडी माती त्या मानानें सोशिक आहे. तेथें गाडी रुतण्याऐवजीं घसरते. समुद्रकांठच्या वाळूचा प्रकार आणखी निराळा. चाकांतील हवा तीस पौंडांवरून पंधरा-सोळा पौंडांवर आणली, तर पुष्कळ वेळां गाडी आपण होऊन वाळूंतून बाहेर येते, दोराला हातहि लावावा लागत नाहीं. परंतु काळ्या मातींत हवा काढून फारसें भागत नाहीं. तेथें ओढावेंच लागतें.

किती ओढावें लागतें? चांगल्या डांबरी सडकेवर दोन टनांची गाडी दोन माणसें सहज ढकलतात, कारण तेथें चाकांचा विरोध गाडीच्या वजनाच्या शंभरांत एक-दोन भागांइतकाच असतो. चिखलांत हें प्रमाण पार पालटतें. रुतलेलीं वाहनें काढण्याचें काम लष्करांना नित्य करावें लागतें, आणि अमेरिकन लष्कराच्या पुस्तकांत त्यासाठीं एक ढोबळ नियम दिलेला आहे. चाकें बुडेपर्यंत गाडी रुतली असेल, तर सामानासुद्धां गाडीचें जेवढें वजन तेवढी ओढ लागते. चाकावरील पत्र्यापर्यंत चिखल आला असेल, तर वजनाच्या दुप्पट. आणि चालकाच्या बैठकीपर्यंत आला असेल, तर तिप्पट. शिवाय वाट चढाची असल्यास चढाच्या प्रत्येक अंशाला वजनाचा साठावा भाग आणखी मिळवावयाचा.

आपली गाडी सामानासुद्धां दोन टनांची आहे, चाकें बुडालीं आहेत, आणि तिला पंधरा अंशांच्या चढावरून वर घ्यावयाची आहे असें समजा. चिखलाचे दोन टन, व चढाचा अर्धा टन. मिळून अडीच टन झाले. हा आंकडा लक्षांत ठेवावा, पुढें तो पुन्हां लागणार आहे. फावड्याचें महत्त्वहि याच आंकड्यावरून कळतें. चाकांच्या पुढची माती काढून उतरती वाट करून दिली, पोटाखालची माती मोकळी केली, आणि चाकांखालीं दगड, फांद्या किंवा पऱ्हाट्या घातल्या, तर हे अडीच टन दीडावरहि येऊं शकतात. अर्धा तास खणणें पुष्कळांना कमीपणाचें वाटतें, पण विंचीपेक्षां फावडें स्वस्त आहे आणि तें तुटून कोणाला मारीत नाहीं.

आतां विंच. मोटारीच्या पुढच्या बाजूस बसविलेली विजेची विंच आपण पाहिली असेल. ती सोयीची खरी, पण तिच्या दोन गोष्टी विकणारा सहसा सांगत नाहीं. एक अशी, कीं तिच्यावर लिहिलेली ओढ ही दोराचा फक्त पहिला थर रिळावर असतांनाची असते. रिळावर जसजसे थर चढतात तसतशी ती घटत जाते. म्हणून दोर जितका अधिक बाहेर सोडावा तितकी विंच बलवान होते. मात्र शेवटचे पांच वेढे रिळावर राहूं द्यावेच, नाहींतर दोराचें टोंकच निसटतें. दुसरी गोष्ट अशी, कीं ती पुढें बसविलेली असल्यामुळें गाडीला पुढेंच ओढते. रुतलेली गाडी बहुधा ज्या वाटेनें आंत शिरली त्याच वाटेनें मागें काढणें सोपें असतें, कारण तिच्या चाकोऱ्या तयार असतात.

म्हणून सुटी हातविंच मला अधिक उपयोगाची वाटते. तिच्यांतहि दोन जाती आहेत. एक दांतेरी चाकाची. तींत बारीक तार लहानशा रिळावर गुंडाळली जाते, व दोन-तीन हात ओढतांच रीळ भरून जातें. कुंपणाच्या तारा ताणण्यास ती उत्तम. गाडीसाठीं तिच्यावर भिस्त ठेवूं नये. दुसरी जात टिरफोर या नांवानें जगभर प्रसिद्ध आहे. तिला रीळच नसतें. विहिरींतून दोर ओढणारा माणूस काय करतो? एका हातानें दोर धरून ठेवतो, दुसरा हात पुढें नेऊन पुढची पकड घेतो, मग पहिला हात सोडतो. नेमकें तेंच काम या यंत्राच्या पोटांतील पोलादी जबड्यांच्या दोन जोड्या करतात. दांडा पुढें लोटला कीं एक जोडी दोर धरून सरकते, मागें घेतला कीं दुसरी. दोन्ही वेळां दोर पुढें जातो, आणि ओढ जितकी अधिक तितकी जबड्यांची मिठी अधिक घट्ट होते. दोर यंत्रांतून आरपार जात असल्यामुळें तो कितीहि लांब असला तरी चालतो. हीं यंत्रें सुमारें आठशें, सोळाशें व बत्तीसशें किलो ओढीचीं मिळतात. सोळाशें किलोंच्या यंत्राचें वजन सुमारें चौदा किलो असतें. बत्तीसशेंचें चोवीस किलोंच्या आसपास, म्हणजे चिखलांतून वाहून नेण्यास जडच.

या यंत्रांत एक शहाणपणाची योजना आहे. त्याच्या दांड्याजवळ मुद्दाम मऊ धातूच्या लहान पिना बसविलेल्या असतात. ओढ मर्यादेबाहेर गेली कीं आधीं त्या पिना तुटतात. दोर आहे तसा धरलेला राहतो, फक्त दांडा मोकळा हलूं लागतो. पीन तुटली म्हणजे आपण अधिक मागत आहों, असें यंत्रानें सांगितलें असें समजावें. तिच्या जागीं खिळा ठोकून काम पुढें रेटणारे लोक आहेत. त्यांच्या आसपास उभें राहूं नये.

आतां अडचण ध्यानांत आली असेल. आपल्याला अडीच टन पाहिजेत आणि यंत्र सोळाशें किलोंचें आहे. येथें कप्पी उपयोगी पडते.

कप्पी आपल्याला नवी नाहीं. मोटेच्या विहिरीवर बैल उतरणीवरून खालीं जात आणि चाकावरून गेलेला नाडा मोट वर आणीत असे. पण त्या चाकानें बैलांचें बळ वाढत नव्हतें. बैल जितके हात चालत तितकेच हात मोट वर येई, आणि मोटेचें जेवढें वजन तेवढेंच बैलांना ओढावें लागे. चाक जागेवर पक्कें बसविलेलें असलें कीं तें फक्त ओढीची दिशा बदलतें. बळ वाढावयाचें असेल, तर कप्पी ओढल्या जाणाऱ्या वस्तूबरोबर सरकली पाहिजे.

तेव्हां असें करा. हातविंच झाडाला बांधा. दोर गाडीपर्यंत न्या, पण तो गाडीला बांधूं नका. गाडीच्या कडीला कप्पी अडकवा, दोर तींतून घालून परत झाडाकडे आणा आणि त्याचें टोंक झाडाला बांधा. आतां गाडीला दोराचे दोन पदर ओढीत आहेत. कप्पीत घर्षणानें सुमारें दहावा भाग वायां जातो असें धरलें, तरी ओढ एकोणीस दशांश पट होते. अडीच टनांसाठीं विंचीला आतां सुमारें १३२० किलोच ओढावे लागतील, आणि हें तिच्या सोळाशेंच्या आंत आहे. याची किंमत वेळानें द्यावी लागते. गाडी एक हात सरकण्यास दोर दोन हात ओढावा लागतो. पण घाई नसलेली गाडी हळू निघालेलीच बरी.

कप्प्यांची रचना कितीहि गुंतागुंतीची दिसली तरी एकच प्रश्न विचारावा : रुतलेल्या गाडीला प्रत्यक्ष ओढणारे पदर किती? एक असेल तर बळ तेवढेंच. दोन असतील तर जवळजवळ दुप्पट. तीन असतील तर तिपटीस थोडें कमी. विंच गाडीवरच असली तरी हिशोब तोच. दोर झाडावरच्या कप्पींतून फिरवून गाडीच्या कडीला परत बांधला, तर पदर दोन. पण तोच दोर झाडावरच्या कप्पींतून वळवून दुसऱ्या झाडाला बांधला, तर गाडीला ओढणारा पदर एकच, आणि कप्पी लावण्याचा खटाटोप फुकट.

मग दहा कप्प्या लावून एका बोटानें गाडी कां ओढूं नये? आर्किमिडीजनें दूर बसून, कप्प्यांच्या साहाय्यानें, माणसांनीं व मालानें भरलेलें गलबत ओढून दाखविल्याची कथा प्लूटार्कनें लिहून ठेवली आहे. कथा खरी असो वा नसो, व्यवहारांत प्रत्येक कप्पी आपला दहावा हिस्सा कापून घेते, दोराची लांबी वाढतच जाते, आणि चिखलांत भिजलेले पदर एकमेकांत अडकतात. गाडीच्या कामीं दोन कप्प्यांपलीकडे जाण्यांत अर्थ नाहीं. शिडाच्या गलबतांची गोष्ट वेगळी होती; तेथें शेंकड्यांनीं कप्प्या लागत. ब्रिटिश आरमाराची ही गरज भागविण्यासाठीं मार्क ब्रुनेल यानें योजलेलीं आणि हेन्री मॉड्स्ली यानें घडविलेलीं यंत्रें पोर्ट्स्मथच्या गोदींत १८०८ सालीं वर्षाला एक लाख तीस हजार कप्प्या तयार करीत होतीं, आणि पूर्वीं एकशें दहा कारागिरांनीं करावयाचें काम दहा माणसें करीत होतीं. एकाच वस्तूचें यंत्रांनीं घाऊक उत्पादन करण्याचें हें फार आरंभींचें उदाहरण मानतात.

गाडीसाठीं जी कप्पी घ्यावयाची तिची एक बाजू उघडणारी असावी, म्हणजे दोराचें टोंक ओंवीत न बसतां मधूनच दोर आंत घालतां येतो. तिला स्नॅच ब्लॉक म्हणतात. ती घेतांना एक गोष्ट हमखास विसरली जाते. कप्पीत दोर पूर्ण उलटा वळला, म्हणजे दोन्ही पदरांची ओढ मिळून कप्पीच्या कडीवर येते. दोरावर दोन टन असतील, तर कप्पीवर जवळजवळ चार टन असतात. म्हणून कप्पी व तिला धरणारी कडी ही दोराच्या दुप्पट भाराची पाहिजे. दोर काटकोनांत वळला असेल तर हा भार सुमारें एक पूर्णांक चार दशांश पट होतो. पाऊण इंच जाडीच्या चांगल्या कडीवर ४.७५ टन असा आंकडा उठविलेला असतो. ज्या कडीवर कांहींच आंकडा नाहीं, ती गुरें बांधण्यास ठेवावी.

हाच न्याय झाडालाहि लागूं आहे. कप्पी ओढ वाढविते, आधार वाढवीत नाहीं. गाडीला अडीच टन मिळत असतील, तर ते अडीच टन कोणीतरी धरून ठेवलेलेच असतात. विंच आणि दोराचें टोंक अशीं दोन्हीं एकाच झाडाला असतील, तर सगळा भार त्या एका झाडावर येतो. पण दोराचें टोंक शेजारच्या दुसऱ्या झाडाला बांधलें, तर प्रत्येक झाडावर सुमारें निम्मा भार पडतो आणि गाडीची ओढ फारशी कमी होत नाहीं. दोन्ही झाडें जवळजवळ असावीं व पदरांमधला कोन लहान असावा इतकेंच. ही साधी युक्ति फार थोडे लोक वापरतात. झाडाला तार सरळ कधींच गुंडाळूं नये; ती सालींत रुतून झाड मारते आणि स्वतःहि पिचते. रुंद पट्टा घ्यावा, आणि तो बुंध्याच्या अगदीं तळाशीं बांधावा.

परंतु पाणंदीच्या कडेला झाड असेलच असें नाहीं. मग जमिनींत मेखा ठोकाव्या लागतात. यांतहि लष्करी लोकांची एक रीति आहे. ओढीच्या दिशेनें पहिल्या रांगेंत तीन मेखा, तिच्या मागें दोन आणि सर्वांत मागें एक, अशा गाडीच्या विरुद्ध दिशेस कलत्या ठोकून, पुढच्या रांगेचा माथा मागच्या रांगेच्या पायथ्याशीं दोरानें आवळतात. अशा सहा मेखा चांगल्या जमिनींत सुमारें अठराशें किलो धरतात. एकटी मेख तीनशेंच्या थोडी वर. ओल्या चिकण मातींत हा आंकडा निम्म्यावर येतो, म्हणजे जेथें गरज अधिक तेथेंच मेखा दुबळ्या. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे कमरेइतका खोल चर खणून त्यांत आडवें लांकूड किंवा जादा चाक पुरणें, आणि त्याला बांधलेला दोर उतरत्या खांचेंतून वर काढणें. या कामाला तासभर लागतो आणि घाम निघतो. पण तसें पुरलेलें लांकूड सहसा उपटून येत नाहीं.

दोराविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. तारेचा दोर ही खाणींची देणगी. जर्मनींतील हार्ट्‌झ पर्वतांत क्लाउस्थाल येथें खाणींचा अधिकारी असलेल्या विल्हेल्म आल्बर्ट यानें १८३४ सालीं तो प्रथम कामास लावला, कारण साखळीची एक कडी तुटली कीं सारा भार खालीं जात असे. तारेच्या दोरांत एखाद-दुसरी तार आधीं तुटते, आणि तुटलेलें टोंक हाताला बोंचून सूचना देतें. म्हणूनच असा दोर हाताळतांना चामडी हातमोजे घालावे. अलीकडे विशेष जातीच्या पॉलिएथिलीनच्या धाग्यांचे दोर निघाले आहेत. ते वजनानें इतके हलके कीं पाण्यावर तरंगतात, व तुटल्यास त्यांचा तडाखा तारेहून सौम्य असतो. पण दगडाच्या धारेवर घांसले कीं ते लवकर झिजतात. टिरफोरच्या जबड्यांना मात्र त्याच्या मापाचा तारेचाच दोर लागतो. सोळाशेंच्या यंत्राला साडेअकरा मिलिमीटर जाडीचा. नायलॉनचा ताणणारा दोर हा एका गाडीनें दुसऱ्या गाडीला हळूहळू झोंका देण्यासाठीं असतो. विंचीला तो जोडूं नये. ताणलेल्या नायलॉनमध्यें धनुष्याप्रमाणें बळ सांठतें.

आणि तें सांठलेलें बळच माणसें मारतें. दोर तुटला, कडी निसटली किंवा गाडीचा हूक उखडला, तर जें कांहीं सुटतें तें डोळ्यांनीं पाहण्याच्या आंत येऊन आदळतें. मागच्या बाजूचा गाडा जोडण्यासाठीं जो लोखंडी गोळा बसवितात, त्याला दोर अडकविल्यानें तो गोळाच तुटून उडाल्याचे व माणसें दगावल्याचे प्रकार देशोदेशीं घडलेले आहेत. दोर बांधावयाचा तो गाडीच्या सांगाड्याला पक्क्या बसविलेल्या हुकालाच. ताण देण्यापूर्वीं दोराच्या मध्यावर भिजलेलें गोणपाट किंवा जाड घोंगडी टाकावी. दोर तुटला तर त्या वजनानें तो जमिनीवर पडण्यास मदत होते. ताणलेला दोर ओलांडूं नये, त्याच्या रेषेंत उभें राहूं नये, आणि जेथें दोर कप्पींतून वळतो तेथें त्या वळणाच्या आंतल्या बाजूस तर मुळींच जाऊं नये, कारण कप्पी सुटली तर दोर गोफणीसारखा त्याच बाजूला येतो. हातविंच चालविणाऱ्यास यंत्राजवळ राहावेंच लागतें, तेव्हां त्यानें दोराच्या एका अंगाला उभें राहावें. गोळा झालेल्या मंडळींना, विशेषतः मुलांना, दोराच्या लांबीहून अधिक अंतरावर घालवावें. कोणी रागावलें तरी हें करावें.

प्रत्यक्ष ओढतांना एकानें विंच चालवावी व एकानेंच हुकूम द्यावे. दोर नुसता ताठ झाला कीं थांबावें आणि सर्व गांठी, कड्या, पट्टा व कप्पी पुन्हां पाहून घ्यावीं. मगच दांडा हलवावा. गाडीचा चालक खालच्या गियरमध्यें चाकें अगदीं हळू फिरवून मदत करूं शकतो, पण दोर सैल पडून गाडी त्याच्यावर चढणार नाहीं इतकें त्यानें जपावें. काळी माती गाडीला चिकटून धरते. पहिली वीतभर हालचाल सर्वांत कठीण, आणि ती झाल्यावर दांडा एकदम हलका लागतो. नेमकी हीच वेळ हुरळून घाई करण्याची असते. चढावर असाल, तर गाडी जसजशी वर येईल तसतसे मागच्या चाकांना दगड लावीत जावे, आणि चारी चाकें टणक जमिनीवर येईपर्यंत दोर सोडूं नये.

घरीं आल्यावर दोर स्वच्छ पाण्यानें धुवून सावलींत सुकवावा, तेलाचा हात द्यावा, आणि फडक्यानें पुसतां पुसतां तुटक्या तारा किती झाल्या तें मोजावें. विंचीचे जबडे चिखलानें भरले असतील तर तेंहि धुवून तेलानें भिजवावे. आणि तुटलेल्या पिनेच्या जागीं नवी घालून, तिच्या जोडीला आणखी दोन पिना दांड्याच्या पोकळींत ठेवून द्याव्या.